मुलगा दोन वर्षं मिशनवर जपानला निघालाय, त्याचे दिवस तिथे कसे जातील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचं सांगलीचं कुटुंब, बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत, युटात. १९ वर्षांचा मुलगा कॉलेजातल्या मित्रांमुळे मॉर्मन चर्चचा सभासद झाला आणि आता त्याला जपानच्या नागोया मिशनचं, म्हणजे तिथे पूर्णवेळ धर्मप्रचार आणि सेवा करायचं, बोलावणं आलंय. ऑगस्टमध्ये प्रशिक्षण सुरू होईल. आई विचारतात: तो दिवसभर करणार काय, खाणार काय, आजारी पडला तर कोण बघणार, आम्हाला त्याच्याशी बोलता येईल का, आणि नाहीच जमलं तर परत येता येतं का? वडिलांना हे पटलेलं नाही, घरात अबोला आहे, हेही त्यांनी लिहिलंय.

ताई, मी जपानला निघालेल्या मिशनरी मुलामुलींना भाषा आणि तिथली राहणी शिकवते. त्याने जावं की जाऊ नये, हा तुमचा घरचा आणि शेवटी त्याचा निर्णय. त्यात मी पडत नाही. पण गेला तर काय होतं, हे मी नेमकं सांगू शकते. दिनक्रम कळला की तुमची निम्मी काळजी मिटेल. उरलेली निम्मी पहिल्या तीन महिन्यांची आहे. तिथे भाषा येत नसते, एक अनोळखी मुलगा चोवीस तास सोबत असतो आणि दिवसाच्या शेवटी हातात काहीच पडत नाही. बहुतेक मुलं कोलमडतात ती इथेच, आणि तयारी करता येते तीही याचीच.

काही गोष्टी मात्र कुणाच्याच हातात नसतात. पहिला सोबती कसा मिळतो, कोणतं गाव मिळतं, मिशन चालवणारं जोडपं कसं आहे आणि कोणत्या ऋतूत तो उतरतो, यावर खूप काही ठरतं. नागोया मिशन म्हणजे नागोया शहर, असं समजू नका. पूर्ण दोन वर्षं तो लहान गावांमध्येही काढू शकतो. आइची भागात गाड्यांच्या कारखान्यांमुळे ब्राझीलहून आलेले पुष्कळ लोक राहतात, त्यामुळे एखाद्या गावात जपानीपेक्षा पोर्तुगीजच जास्त कानावर पडेल.

आधी चौकट. द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे पूर्ण नाव. २०१८ पासून चर्च स्वतः ‘मॉर्मन’ऐवजी तेच वापरायला सांगतं. मिशनसाठीचं किमान वय २०१२ मध्ये मुलांसाठी १९ वरून १८ केलं गेलं. मुलांचं मिशन २४ महिन्यांचं असतं. पगार नसतो. उलट अमेरिकेतून जाणाऱ्याने २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरायचे असतात, म्हणजे पूर्ण काळाचे १२,०००. त्यातून सगळ्या मिशनऱ्यांचा खर्च एकत्र भागवला जातो. घरभाडं मिशन भरतं आणि किराणा, प्रवासासाठी ठरलेली रक्कम दर महिन्याला मिळते. कपडे, बूट, बॅगा यांचा खर्च वेगळा. प्रशिक्षण केंद्रात जपानी शिकणाऱ्यांना साधारण नऊ आठवडे लागतात, स्पॅनिशवाल्यांना सहा. सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन होतो, म्हणजे ते दिवस तो तुमच्या डोळ्यांसमोरच असेल.

जपानमध्ये दिवस साडेसहाला सुरू होतो. प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता. आठच्या सुमारास एक तास स्वतःचा धर्मग्रंथाचा अभ्यास, मग सोबत्याबरोबर एकत्र अभ्यास, मग भाषा. दहा-अकराला बाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत, मध्ये जेवणाचे दोन तास. नऊला घरी, दुसऱ्या दिवसाचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळा थोड्या मागेपुढे करायची मुभा आहे, पण झोपेचे आठ तास सहसा कापू देत नाहीत. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणं, केस कापणं, बाजार आणि घरच्यांशी बोलणं यासाठी. तोही संध्याकाळी सहापर्यंतच. रविवारी चर्चची दोन तासांची सभा. सिनेमा नाही, पोहणं नाही, मैत्रीण नाही. फोन असतो, पण चर्चने ठरवलेल्या बंधनांसह.

मधल्या अकरा तासांत काय? फक्त दारं ठोठावणं, असा समज आहे. तसं नसतं. स्टेशनसमोर उभं राहून लोकांशी बोलणं, चर्चला येणं थांबवलेल्या सभासदांना भेटणं, फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणं, म्हाताऱ्या माणसांना बागकामात किंवा बर्फ काढण्यात मदत करणं, ज्यांना ऐकायची इच्छा आहे त्यांना शिकवणं. जपानमध्ये शेवटचं सगळ्यात कमी असतं. इंग्रजीचा वर्ग मात्र मला फार मोलाचा वाटतो. त्या एका तासात आपल्या मुलाला जे येतं ते समोरच्याला हवं असतं, बाकी आठवडाभर उलटं असतं. वर्गाची तयारी मनापासून करायला त्याला सांगा.

आता सोबती. मिशनरी नेहमी दोघं असतात. दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. अपवाद स्नानगृहाचा आणि मिशनप्रमुखांबरोबरच्या खासगी बोलण्याचा. एकाच खोलीत झोपायचं, अंथरुणं वेगळी. सोबती स्वतः निवडता येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. कधी माणूस बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. दोन वर्षांत साधारण दहाच्या आसपास सोबती होतात. पहिले १२ आठवडे नव्याला शिकवणारा अनुभवी सोबती असतो, पण ‘अनुभवी’ म्हणजे वीस-एकवीस वर्षांचा मुलगाच, हे लक्षात ठेवा.

जिथे स्वतःची खोली मिळते अशा अमेरिकन घरात वाढलेल्या मुलाला हे भाषेपेक्षा जड जातं. भांडणं धर्मावरून होत नाहीत. ती होतात भांडी कुणी घासायची, एसी किती अंशांवर ठेवायचा, सकाळी न्हाणीघरात कोण किती वेळ, आणि सायकल कोण किती वेगाने चालवतो यावरून. शेवटचं कारण ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण नवा मुलगा मागे पडतो, दमतो, आणि पुढच्याने वळून न पाहिल्याचा राग दिवसभर मनात धरतो. आठवड्यातून एकदा दोघांनी बसून बोलायचं, अशी पद्धत आहे. मी मुलांना सांगते की या बैठकीत तीनच गोष्टी बोला: या आठवड्यात तुझं मला काय आवडलं, मला काय अवघड गेलं, आणि पुढच्या आठवड्यात एकच काय बदलूया. ‘तू नेहमी’ ने सुरू होणारं वाक्य टाळायचं. शुक्रवारची गोष्ट शुक्रवारीच बोलायची, बदलीची वाट बघत पाच आठवडे गिळून बसायचं नाही. जी मुलं ‘सहा आठवडे तर काढायचेत’ म्हणून गप्प बसतात, त्यांना पुढच्या सोबत्याबरोबर पुन्हा तेच होतं, कारण बोलायची सवयच लागलेली नसते.

एकटेपणा हवा असेल तर तो अभ्यासाच्या तासात, डायरीत आणि सायकलवर मिळतो. एकाच खोलीत असूनही अर्धा तास न बोलता बसायचं, हे दोघांनी ठरवून घेता येतं. नियम जवळ राहण्याचा आहे, सतत बोलत राहण्याचा नाही.

नकाराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यामागचं कारण कळलं की तो मनाला कमी लागतो. जपानमध्ये ख्रिस्ती लोक एकूण लोकसंख्येच्या एका टक्क्याच्या आसपास आहेत. या चर्चचे पहिले मिशनरी हीबर जे. ग्रांट यांच्याबरोबर ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामाला उतरले. फारसं यश आलं नाही, १९२४ मध्ये मिशन बंद झालं आणि १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे अवघड तेव्हाही होतं. त्यात मार्च १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी सारिन वायू सोडला, आणि जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर युनिफिकेशन चर्च या दुसऱ्याच पंथाने सभासदांकडून उकळलेल्या देणग्यांचा विषय देशभर गाजला. तुमच्या मुलाच्या चर्चचा या दोन्हींशी काही संबंध नाही. पण इंटरकॉमवर ‘आम्ही चर्चकडून आलोय’ ऐकणाऱ्या आजींच्या मनात हे सगळं एका क्षणात येऊन जातं. त्यांचा नकार त्या भीतीला असतो. दारातल्या मुलाला तर त्या ओळखतही नाहीत.

नकार बहुतेक वेळा सभ्य असतो. ‘केक्को देसु’ म्हणजे नको. ‘इमा इसोगाशिइ’ म्हणजे आत्ता गडबडीत आहे. ‘उची वा बुक्क्यो देसु’ म्हणजे आमच्या घरात बौद्ध धर्म आहे. शिव्या क्वचितच. अपमानापेक्षा पोकळीचा त्रास जास्त होतो: मंगळवारपासून शनिवारपर्यंत साठ दारं, आणि साठही वेळा तोच गोड नकार. म्हणून मोजायचं ते आपल्या हातातलं मोजावं. आज किती जणांशी स्वतःहून बोललो, किती नवी वाक्यं न अडखळता म्हटली, कुणाला काय मदत केली. किती जण ‘हो’ म्हणाले, हे रोजच्या वहीत मोजणारा मुलगा तिसऱ्या महिन्यात खचलेला असतो.

दाराशी वागण्याच्या काही बारीक गोष्टी आहेत. इंटरकॉमला कॅमेरा असतो, म्हणून एक पाऊल मागे सरकून उभं राहायचं आणि दोनच वाक्यांत नाव व काम सांगायचं. विक्रेत्यांना बंदीची पाटी असेल तर तिथे जायचंच नाही. दार आपोआप कुलूपबंद होणाऱ्या इमारतीत दुसऱ्याच्या मागोमाग शिरायचं नाही. तो बेकायदा प्रवेश ठरू शकतो. आत बोलावलं तर दारातल्या खालच्या भागात, गेनकानमध्येच थांबायचं, ‘या’ म्हटल्यावर बूट काढून वर चढायचं आणि बुटांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. दिवसातून पाच-सहा वेळा बूट काढावे लागतात, म्हणून नाडीचे बूट नकोत. मोजे भोक नसलेले हवेत. पाऊल मोठं असेल, २८-२९ सेंटिमीटरच्या पुढे, तर तिथे बूट सहज मिळत नाहीत. दोन जोड इथूनच न्यावेत.

भाषेबाबत मात्र तुमच्या मुलाजवळ असं काही आहे जे त्याच्या वर्गातल्या बहुतेक मुलांजवळ नसेल. तुम्ही लिहिलंय की त्याला मराठी समजतं, पण बोलतो मोडकं. ते मोडकं मराठीसुद्धा इथे सोनं आहे. जपानी वाक्याची बांधणी इंग्रजीपेक्षा मराठीला कितीतरी जवळची आहे. ‘नागोया कारा तोयोहाशि मादे देन्शा दे इकिमासु’ म्हणजे ‘नागोयापासून तोयोहाशीपर्यंत ट्रेनने जातो’. शब्दांचा क्रम हलवायची गरजच नाही: कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत, दे म्हणजे ने, क्रियापद शेवटी. इंग्रजीतून शिकणारा मुलगा हे वाक्य उलटं करून मग बोलतो, आणि त्या उलटापालटीत समोरचा माणूस निघून जातो.

याहून गंमत पुढे आहे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः खाऊन पाहणं, आणि अर्थही तोच, चव घेऊन बघणं. ‘कात्ते ओकु’ म्हणजे घेऊन ठेवणं. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणं. ‘ताबेते इरु’ म्हणजे खात आहे. आणि घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो, ‘इत्ते किमासु’. जाऊन येतो! इंग्रजीत हे सगळं समजावून सांगायला पानं लागतात. मराठी कानाला एक वाक्य पुरतं. म्हणून निघेपर्यंतच्या काळात त्याच्याशी घरात मराठीच बोला आणि त्याला मराठीतच उत्तर द्यायला लावा, चुकत का होईना. जपानीचं व्याकरण मराठीवर बसवून पाहा, असं त्याला सांगा. मी हे भावनेपोटी सांगत नाहीये. भाषा शिकवणारी म्हणून सांगतेय.

लिपीचं म्हणाल तर हिरागाना आणि काताकाना, मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. रोज दहा अक्षरं हाताने लिहिली तर दोन्ही मिळून दोन आठवड्यांत होतात. प्रशिक्षणाला जाण्याआधीच हे उरकावं. कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, नेहमीच्या वापरातली २,१३६ आहेत; त्यांच्या मागे पहिल्या तीन महिन्यांत लागू नये. स्टेशनांची नावं आणि कचऱ्याच्या पिशवीवरची अक्षरं ओळखता आली तरी पुरे. काताकानात ‘ल’ आणि ‘र’ एकच असतात, ‘ळ’ नाही, आणि जोडाक्षरं फुटतात. कुलकर्णी तिथे ‘कुरुकारुनि’ होतात. छातीवरच्या काळ्या पट्टीवर आडनाव आणि पुढे ‘चोरो’ असं असेल. मिशनरी मुलांच्या नावाला लावतात ती उपाधी, इंग्रजीत जिला एल्डर म्हणतात तीच. दोन वर्षं त्याला कुणीही पहिल्या नावाने हाक मारणार नाही. फोनवर तुम्ही मारलेली घरची हाक त्याला किती गोड लागेल, ते तुम्हाला कळणारही नाही.

पहिल्या महिन्यात होणारी चूक ठरलेली आहे. सोबत्याला भाषा येते म्हणून तोच बोलतो आणि नवा मुलगा शेजारी हसत उभा राहतो. दोन आठवड्यांत तो हसरा खांब होऊन जातो, आणि मग तोंड उघडायची भीती वाढतच जाते. उपाय साधा आहे: पहिल्या दिवसापासून प्रत्येक दारातली पहिली दोन वाक्यं नव्याने म्हणायची, मग सोबत्याने पुढे न्यायचं. हे पहिल्याच संध्याकाळी सोबत्याबरोबर ठरवून घ्यायचं. प्रशिक्षणात सभ्य बोली शिकवतात; रस्त्यावर मुलं आणि म्हातारे घरगुती बोलीत बोलतात. त्यामुळे उतरल्यावर त्याला वाटेल की आपल्याला भलतीच भाषा शिकवली. असं प्रत्येकाला वाटतं. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून शब्द वेगवेगळे ऐकू यायला लागतात.

खाण्यापिण्याची चिंता तो काय खातो यावर अवलंबून आहे. मांसाहार चालत असेल तर काहीच अडचण नाही. शाकाहारी असेल तर मात्र तयारी हवी, कारण जपानी रश्शांचा पाया असलेली दाशि बहुधा सुक्या माशाची असते आणि तयार करीच्या वड्यांमध्ये प्राण्यांची चरबी असते. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर मासा चालत असेल असं समजतात. वाक्य पाठ करून न्यावं: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशि मो दामे देसु’, म्हणजे मांसही नाही, मासाही नाही, दाशिही चालत नाही. सभासद जेवायला बोलावतात तेव्हा हे आदल्या दिवशीच कळवायचं, ताटावर बसून नाही.

घरी शिजवायला एक-दोन शेगड्या आणि राइस कुकर असतो. ओव्हन सहसा नसतो. तांदूळ ‘गो’ मापाने मोजतात: एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, साधारण १५० ग्रॅम. दोन तरुण मुलांना दिवसाला तीन गो लागतात. भांड्याच्या आतल्या रेषेपर्यंतच पाणी घालायचं. आपल्या सवयीने दुप्पट घातलं तर त्या तांदळाची खळ होते. मसूर डाळ कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते. निघण्याआधी त्याला वरण, एक फोडणीची भाजी आणि पोहे एका शेगडीवर, स्वतःच्या हाताने, निदान दहादा करू द्या. एकदा बघितलेलं तिथे आठवत नाही.

चहा-कॉफी या चर्चमध्ये वर्ज्य आहे, आणि जपानमध्ये पाहुण्याला पहिल्यांदा हिरवा चहाच देतात. हा अवघड प्रसंग रोज येतो. मुगिचा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पेय, चालतं, कारण त्यात चहाची पानंच नसतात. ‘मुगिचा असेल तर आवडेल’ म्हणता आलं की यजमानाचा मान राहतो. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास असतो. आजारपणात किंवा त्रास होत असेल तर तो करायचा नसतो, हे त्याला ठाऊक असू द्या.

तब्येतीच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त चुकतात ते औषधांत. अमेरिकेत लक्ष केंद्रित होत नाही म्हणून दिली जाणारी ॲम्फेटामिनयुक्त औषधं जपानमध्ये नेताच येत नाहीत; डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नाही. सामानात सापडली तर अटक होऊ शकते. सर्दीच्या काही अमेरिकन गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असतं, त्याही बंद. बाकी डॉक्टरने लिहून दिलेलं औषध एक महिन्यापुरतं चालतं. त्याहून जास्त न्यायचं तर ‘युन्यू काकुनिन-शो’ हा आयात परवाना आधी काढावा लागतो. औषध बदलायचं झालंच तर निदान तीन महिने आधी बदला, म्हणजे नवीन औषध मानवतं का ते घरीच कळेल. काळजीपोटी बिनलेबलाची चूर्णं पाठवू नका, कस्टममध्ये अडकतात. अक्कलदाढेचा त्रास असेल तर आत्ताच काढून टाका. तिथे आजारी पडला तर सोबती मिशन ऑफिसला कळवतो आणि तिथून डॉक्टर ठरतो. तीन वर्षांसाठी नेमलेलं जोडपं मिशन चालवतं, आणि तब्येतीच्या चौकशा बहुधा त्यातल्या बाईंकडे असतात. मनाच्या त्रासासाठी समुपदेशकाशी बोलायची सोय असते, पण ती मागावी लागते. ताणाच्या हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चार पायऱ्या मुलांना शिकवलेल्या असतात. सलग दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, सोबत्याशी बोलणं नाही, अशी वेळ आली की धीर धरायचा नसतो, सांगायचं असतं.

सर्वांत मोठा शारीरिक धोका मला सायकलचा वाटतो. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालतात, पण तुमचा मुलगा अमेरिकेत वाढलाय. उजवीकडे वळताना त्याची नजर चुकीच्या बाजूला जाईल. पहिले दोन आठवडे प्रत्येक चौकात पाय टेकवून थांबायचं. हेल्मेट प्रत्येक वेळी. गप्पा मारत शेजारी-शेजारी सायकल चालवणं कायद्याने मना आहे, आणि मिशनऱ्यांना हीच सवय असते. चालवताना हातात फोन धरल्यास नोव्हेंबर २०२४ पासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड आहे. नागोयाचा उन्हाळा दमट, पारा पस्तिशीच्या वर; एक लिटरची बाटली सतत भरलेली हवी. थंडीत घर एकाच खोलीपुरतं गरम होतं. भूकंपासाठी माणशी रोज तीन लिटर या हिशेबाने निदान तीन दिवसांचं पाणी, म्हणजे दोघांचं १८ लिटर, घरात असायला हवं. पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९.

कागदपत्रांत एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास अडकवते. मुलगा अमेरिकन नागरिक नसून ग्रीनकार्डवर असेल, तर एक वर्षाहून जास्त बाहेर राहण्यासाठी री-एंट्री परमिट लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं, म्हणजे वेळ काटोकाट आहे. नागरिकत्वाच्या मुदतीवरही परिणाम होतो. तुमच्या व्हिसावर अवलंबून असेल तर त्याला २१ वर्षं मिशनवरच पूर्ण होतील आणि तो दर्जा तिथेच संपेल. या दोन्हींत वकिलाचा सल्ला निघण्याआधी घ्या. जपानचा त्याचा दर्जा ‘धार्मिक कार्य’ असा असेल. पत्ता ठरल्यावर चौदा दिवसांत पालिकेत नोंद, गाव बदललं की पुन्हा नोंद, आणि निवासपत्र कायम खिशात. कॉलेजची जागा राखून ठेवायची लेखी परवानगीही आत्ताच घ्या.

तुमच्याशी बोलण्याबद्दल. फेब्रुवारी २०१९ पर्यंत वर्षातून दोनदाच फोन करता यायचा. आता दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी, म्हणजे बहुधा सोमवारी, व्हिडिओवरही बोलता येतं. उन्हाळी वेळेत नागोया युटाच्या १५ तास पुढे असतं. तुमच्याकडे रविवारी रात्री साडेनऊ वाजतात तेव्हा त्याच्याकडे सोमवारी दुपारचे साडेबारा आणि सांगलीत सोमवारी सकाळचे नऊ. आजी-आजोबांनाही त्याच कॉलवर घेता येईल.

‘कसा आहेस?’ विचारलंत तर ‘मस्त’ एवढंच ऐकू येईल. या आठवड्यात किती रात्री नीट झोपलास? सोबत्याचं कशावरून बिनसलं? कुठलं नवं वाक्य जमलं? असं विचारा. घरी परत येण्याबद्दल पहिल्या सहा आठवड्यांत तुम्ही स्वतःहून बोलू नका, पण तो बोलला तर शांतपणे ऐका. आणि त्या तासात धर्माचा वाद दोन्ही बाजूंनी बंद. हे तो निघण्याआधीच ठरवून टाका.

परत येता येतं का? येतं. तो स्वयंसेवक आहे, कोणताही करार त्याला बांधून ठेवत नाही. मिशनप्रमुखांना सांगायचं, तब्येतीचं कारण असेल तर स्पष्ट सांगायचं. घरी राहून करायच्या सेवा-मिशनचाही पर्याय असतो. लवकर परतलेल्या मुलांना खरी बोच लोकांच्या नजरांची असते. ‘तुला दार उघडं आहे, कारण विचारणार नाही’ हे वाक्य त्याने तुम्हा दोघांच्या तोंडून एकदा तरी ऐकलेलं असावं. एका आईच्या तोंडून ऐकणं आणि दोघांच्या तोंडून ऐकणं यात फरक पडतो.

वडिलांना या विषयावर बोलायचं नसेल तर ओढून आणू नका. त्यांच्यासाठी एक काम आहे. जपानच्या साध्या सायकलींना अमेरिकन पद्धतीचा व्हॉल्व्ह नसतो, सांगलीतल्या सायकलींना असायचा तसाच असतो, आत बारीक रबरी नळी असलेला. आपण तिला व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतो, जपानी लोक ‘मुशि गोमु’, किड्यासारखं रबर. ती झिजली की हवा हळूहळू उतरते आणि मुलं पंक्चर समजून अख्खी ट्यूब बदलत बसतात. तुमच्या मुलाने अशी नळी कधी पाहिलीही नसेल, त्याच्या वडिलांनी शाळेत असताना कितीदा तरी बदललेली असेल. ती कशी बदलायची, आणि पाण्याच्या तसराळ्यात ट्यूब बुडवून पंक्चर कसं शोधायचं, हे त्याला एखाद्या शनिवारी अंगणात शिकवा म्हणावं.